हॉलमधल्या वायरीचा आकडा

पाळी गावातल्या एका खाणीच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं नेटवर्क सांभाळलं. ऑफिस बंद झालं तेव्हा तिथले तीन जुने राउटर भंगारातून उचलून आणले. तेच आज आमच्या देवळाच्या हॉलमधल्या कपाटात आहेत.

गावात तीन वाडे: वरचा, मधला आणि आमचा खालचा. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, ढोल याच क्रमाने वाजतात. आमचे आजोबा सावंतवाडीकडून खाणीवर कामाला आले, म्हणून तिसऱ्या पिढीलाही आम्ही 'भायले'. इंटरनेटची लाईन मात्र तिन्ही वाड्यांनी मिळून हॉलमध्ये घेतली आणि जोडणी माझ्याकडे आली.

प्रत्येक वाड्याला एक राउटर, आणि त्या वाड्याच्या घरांना मी स्वतंत्र एरिया, म्हणजे गटाचा आकडा, दिला: एक, दोन, तीन. पण तिन्ही राउटर ज्या वायरीवर एकत्र येतात, तिचा आकडा तिघांवरही सारखाच लिहावा लागतो, नाहीतर ते एकमेकांना ओळखत नाहीत. आणि एरिया वेगळे ठेवून एका वाड्याच्या घरांपर्यंतच्या वाटा दुसऱ्याच्या राउटरला कळायच्या असतील, तर तो आकडा शून्यच लागतो. मी शून्य लिहिला आणि आकड्यांचा तक्ता कपाटावर चिकटवला.

तिन्ही वाड्यांच्या समितीचे अध्यक्ष वरच्या वाड्याचे. सभेत त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"वायरीक शून्य? आमचो एक घाल. पयलो मान आमचो."

"ह्यो मान न्हय, काकानू. राउटराक शिगमो कळना."

मधल्या वाड्याचे खजिनदार नेहमीप्रमाणे त्यांच्या बाजूने. "घाल रे एक. तुजा काय जाता?"

"घालतंय. पण सगळ्यांनी हयच बसान बघा."

सगळ्यांसमोर मी तिन्ही राउटरवर वायरीचा आकडा बदलला. राउटरांनी एकमेकांना ओळखलं. वरच्या वाड्याची घरं आणि वायर आता एकाच आकड्यात, त्यामुळे तिथलं इंटरनेट चालू राहिलं. मधला आणि खालचा बंद. शून्य गेल्यामुळे त्या घरांच्या वाटा कोणी पुढे सांगत नव्हतं. आमच्याकडून निघालेलं बाहेर जात होतं, पण उत्तराला परत यायला रस्ता नव्हता.

वरच्या वाड्याच्या एकाने घरी फोन करून खात्री केली. अध्यक्ष खूश. "आमचा तर चलता मरे!"

खजिनदारांनीही घरी फोन लावला. पलीकडून बायको ओरडली ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली. फोन ठेवून ते म्हणाले, "मगे आमचा?"

"तर सगळ्यांच्या घरांकय एकच घाल," अध्यक्ष म्हणाले. "सगळे एक नंबरात."

हे चाललं असतं. तीनच तर राउटर. खोटं कशाला सांगू? मी तेही सांगितलं.

"चलतला. पण मी करूचंय नाय. आमी लाईन घेतली, तुमच्या वाड्यात ऱ्हवाक येवक नाय. तुमका होया तर दुसरो माणूस हाडा."

भायल्याने सभेत असं तोंड वर करून बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. मीही कधी बोललो नव्हतो.

शेवटी खजिनदार खाली बघून म्हणाले, "शून्य कर रे परत. वायर कोणाचीच नको."

मी केलं. शून्याच्या बाजूने दोन वाडे, एक विरोधात. इतिवृत्तात तसंच लिहायला लावलं. मग राउटरही कोणा एकाच्या हातात नकोत म्हणून त्यांचा पासवर्ड तीन कागदांवर लिहून, तीन पाकिटं बंद करून, तीन वाड्यांत दिली. अध्यक्ष म्हणतात, एक दिवस माणूस आणून तो आकडा बदलून घेणार. पाकीट त्यांच्याकडे आहे. बदलला तर मी पुन्हा शून्य लिहीन.