हाताच्या अंतरावरचा बेंजो

गर्दीचा एवढा तिटकारा असलेला आणि तरी जन्मभर गर्दीतच सापडलेला माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला साडू म्हणून आला. साडू काही निवडता येत नाही. मुलगी पाहायला जाताना आपण मुलगी बघतो, सासरा बघतो, फार तर विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का तेवढं विचारतो. थोरल्या मेव्हणीने घरात काय प्रकार आणून ठेवलाय याची चौकशी कोणी करत नाही. मी पेणचा. साडू रोह्याच्या नदीपलीकडचे, अष्टमीचे. धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. माणूस निर्व्यसनी, कामाला चोख, बायकोला घाबरणारा, म्हणजे तसा सज्जनच. पण खाडीवाल्या पार्टीचा विषय निघाला की या सज्जनाचं काय व्हायचं ते ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक.

पार्टी म्हणजे बेंजो पार्टी. धरमतरच्या खाडीकडे मिठागरांवर राबणाऱ्या पोरांनी काढलेली. तिचं खरं नाव लांबलचक होतं, त्यात देव, समुद्र आणि मित्रमंडळ असं सगळंच येऊन गेलं होतं, त्यामुळे कोणी ते घेत नसे. टाइपरायटरसारखी बटणं असलेला तो बेंजो वाजवायचा दामा. सोबत एक ढोलकीवाला आणि एक खुळखुळेवाला, संपली पार्टी. साडूंच्या एकुलत्या एका मुलीचं, नंदाचं, बारसं झालं तेव्हा ही तीन पोरं पहिल्यांदा आपल्या गावाबाहेर वाजवायला आली, ती साडूंच्या अंगणात. साडू बेंजोला गुडघा लावून बसले आणि इतक्या दणदणाटात पाळण्यातली पोर गाढ झोपली. निघताना दामा खुशीत येऊन म्हणाला, "काका, हिच्या हलदीला पन आमीच वाजवनार. हितंच, या अंगनात." पोरसवदा माणूस, पोटभर जेवला होता, बोलून गेला. पण साडूंनी ते बोलणं देवघरात ठेवावं तसं जपलं. पुढे पार्टी वाढली, नंदाही वाढली, आणि साडूंचा सगळा जीव त्या एका वाक्यात अडकून बसला. घर दुरुस्त करताना बायकोने अंगणात आणखी एक खोली काढायचा हट्ट धरला, तर म्हणाले, "खोली नाय. पार्टी बसायची कुठं?" ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, पुढची सगळी वर्षं त्या खोलीवाचून काढली आणि दर पावसाळ्यात लाकडं भिजली की त्याची आठवणही दिली.

साडूंचा सिद्धांत असा की वाद्य हाताच्या अंतरावरून ऐकावं. हात लांब केला तर बोटं वाद्याला लागली पाहिजेत. त्याच्यापलीकडे बसलेला माणूस ऐकत नाही, नुसता जमलेला असतो. त्यांनी जागांची प्रतवारीच लावून ठेवली होती. सगळ्यांत वर ओटी, मग अंगण, मग मांडव. शाळेचं पटांगण नाइलाजाने चालवून घ्यायचं. मैदान म्हणजे महापाप. "मैदानात काय ऐकता, पेणकर? तिथं पार्टी नसते, पार्टीची बातमी असते," असं ते मला सुनवायचे. मी मैदानवाला. मला बसायला खुर्ची लागते, मध्येच उठून वडा खाता आला पाहिजे आणि कंटाळा आला तर कोणाला न दुखवता घरी जाता आलं पाहिजे. हे मी एकदा त्यांच्यासमोर प्रामाणिकपणे बोललो, तर मी त्यांच्या ताटातला मासा उचलावा तसे माझ्याकडे बघत राहिले.

अंगणातल्या हळदी तरी रोज कुठून येणार? मग साडू लोकांच्या हळदींना जायचे. खाडीवाली पार्टी कुठे वाजवणार ते त्यांना नवरदेवाच्या मामाआधी कळायचं. शिफ्ट बदलून, एसटी पकडून, ओळख ना पाळख अशा मांडवात शिरायचे आणि थेट बेंजोपुढे मांडी घालायचे. पण फुकटे नव्हते हो. टॉवेल-टोपीचा आहेर पिशवीत तयार असायचा. एकदा नागोठण्याकडे वधूकडच्यांना ते वरपक्षाचे वाटले, वरपक्षाला वधूकडचे वाटले, आणि दोन्हीकडच्या बायकांनी मान द्यायचा म्हणून त्यांना अशी हळद फासली की दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरने कावीळ समजून घरी पाठवलं. त्या भागातल्या अर्ध्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटींत बेंजोपुढे डोळे मिटून बसलेला एक गृहस्थ सापडतो. तो कोण, यावरून एका घरात नव्या नवरा-बायकोचं पहिलं भांडण झालं म्हणतात.

मग पार्टीची कॅसेट निघाली आणि साडूंवर आभाळच कोसळलं. पानाच्या टपरीवर, टमटममध्ये, धाटावच्या कँटीनमध्ये दामाचा बेंजो. कोणी कौतुकाने सांगायला गेलं की हे विचारायचे, "कधीपास्नं ऐकता?" समोरचा म्हणाला की कॅसेटपासून, की संपलं. त्या माणसाचं नाव पुढे 'कॅसेटवाला'. माझी बायकोही कॅसेटवाली ठरली, सख्खी मेव्हणी असून. मला कधीकधी वाटतं, या माणसाला पार्टी मोठी व्हावी असं वाटतच नव्हतं. दामाने नि त्याच्या पोरांनी मिठागरातच उन्हात मरावं आणि हाक मारली की याच्या अंगणात येऊन वाजवावं, एवढंच त्यांचं प्रेम. हे मी त्यांना तोंडावर म्हणालोही. ते दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, "बोललात ते खरं हाय. पन मी काय करू?"

पेणला मैदानात पार्टीचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हा मी त्यांना अक्षरशः ओढून नेलं. स्टेज, रंगीत दिवे, ट्रकभर स्पीकर, आणि चमकणारे सदरे घातलेली ढीगभर पोरं. मध्ये दामा, पेनाच्या टोपणाएवढा दिसत होता. साडूंनी थोडा वेळ पाहिलं, मग खुर्ची फिरवली आणि सगळा कार्यक्रम स्टेजकडे पाठ करून बसले. मागच्या रांगेतल्या बायाबापड्यांना वाटलं, हे आपल्यावर नजर ठेवायला नेमलेले कोणी आहेत. त्यांनी बिचाऱ्यांनी शेंगा खाणं बंद केलं. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, "हात आत्ता हलला नि आवाज मागनं आला. वीज बघून गडगडाटाची वाट बघायला मी काय शेतात बसलोय?" माझी खुर्ची, माझा वडा, माझी संध्याकाळ, सगळ्याची माती.

आणि मग नंदाचं लग्न ठरलं. मुलगा बडोद्याला नोकरीला. स्थळ उत्तम, पण लांब. दुसऱ्या दिवशी उठून साडू खाडीकडे दामाला गाठायला गेले, आणि ताईंनी मला सोबत धाडलं. दामा आता जाडजूड झाला होता, केस रंगवले होते. मला वाटलं, हा कसला ओळख देतोय. पण त्याने साडूंना खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला आणि म्हणाला, "बोललो व्हतो, येनार. पन काका, आता पोरं लई हायत, ट्रक हाय."

"ट्रक नको. तिघंच या. बारशाला आल्तात तसे."

दामा हसला. "तिघंच येतू. येक माइक तेवडा ऱ्हाऊ दे. हलदीला नावं पुकाराया लागतात."

माइक नको म्हणून साडू कितीतरी वेळ अडून बसले. शेवटी 'नावांपुरता' अशी कबुली घेऊन मगच उठले. परतीच्या एसटीत त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खिडकीतून बाहेर बघत मला खाडीतल्या बार्जेसची माहिती देत होते, जी त्यांना काडीची नव्हती.

आता हाताच्या अंतरावरून ऐकायचं म्हणजे माणसं कमी हवीत. साडूंनी हळदीची आमंत्रणंच कापली. आमच्याकडे हळदीला वाडीतलं मांजरसुद्धा घरी राहत नाही. तिथे यांनी भावकीतली निम्मी नावं उडवली. ताई भडकल्या. "हळद हाय का चोरीचा माल? उद्या मला या वाडीत ऱ्हायचंय." पण ऐकतो कोण. इथपर्यंत ठीक होतं. पण ज्याला खजिना सापडलाय त्याला तो कोणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. साडूंनी कंपनीतल्या एका जाणकाराला बाजूला घेतलं. "खाडीवाली पार्टी. तिघंच. माझ्या अंगनात. कुनाला बोलू नका, मानसं नकोत." मग दुसऱ्याला. मग वाटलं, सेकंड शिफ्टमध्येही एकदोन चांगले कान आहेत. मग नाइटवाल्यांवर अन्याय नको. मग एसटीचा कंडक्टर, तो जुना ऐकणारा. मग न्हावी. प्रत्येकाला एकट्याला गाठून, खांद्यावर हात ठेवून, कुणाला बोलू नका म्हणून. अशी सांगितलेली गोष्ट आमच्या जिल्ह्यात किती वेगाने पसरते ते मी काय सांगावं.

हळदीच्या दिवशी ऊन उतरलं आणि कुंडलिकेच्या पुलावर माणसं दिसू लागली. आधी वाटलं बाजारकरी असतील. मग रोहा मोकळं होऊन अष्टमीत यायला लागलं. सायकली, स्कूटरी, धाटावची शिफ्ट सुटून तशीच आलेली, पोरंबाळं कडेवर. साडू धावत पुलाच्या तोंडाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले. परत जा म्हणून विनवत होते हो. पण हळदीच्या घरचा यजमान नवी टोपी घालून रस्त्यात हात जोडून उभा आहे म्हटल्यावर लोकांनी काय समजावं? लोकही हात जोडायचे. "येनारच की काका, येवडं बोलवताय तर," म्हणत आत जायचे. ते जितके काकुळतीला येत, तितके लोक संकोचून भराभर आत सरकत. एका म्हाताऱ्याने तर जाताना त्यांच्या हातात आहेरही ठेवला.

ताईंनी मला पिटाळलं, आईबापाची हळद लावायची वेळ झाली, त्यांना घेऊन या. मी पुलापाशी पोचलो आणि परत फिरतो तो रस्ताच शिल्लक नव्हता. गल्लीच्या तोंडापासून अंगणापर्यंत नुसती डोकी. साडू म्हणाले, "अहो, माझं घर हाय ते." पुढच्या पोराने मागे न बघताच सांगितलं, "काका, सगळ्यांचंच घर हाय, मागे ऱ्हावा." मग आतून बेंजो सुरू झाला. बारशाला वाजवली होती तीच चाल, ट्रकशिवाय, तिघांचीच. डोक्यांवरून, कौलांवरून, नदीवरून ती आमच्यापर्यंत आली. मला वाटलं, आता हा माणूस रडणार नाहीतर कोणाला तरी मारणार. पण ते पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा ते हाताच्या अंतराच्या बाहेरून पाठ न फिरवता ऐकत होते.

चाल मध्येच थांबली. माइक खरखरला आणि दामाचा आवाज आला. "काका, असाल तितनं या. पोरगी थांबलीया. बापाची हलद लागल्याबिगर दुसऱ्या कुनाची लावून घेनार नाय म्हनते."

जो माइक नको म्हणून ते अडून बसले होते त्यानेच त्यांना हाक मारली होती. गर्दी दुभंगली, आणि लोकांनी माझ्या साडूंना हातोहात पुढे दिलं, टोपी एकीकडे, चप्पल दुसरीकडे. मी मागून त्यांचं धोतर सांभाळत गेलो. नंदा पाटावर बसली होती, कोरड्या गालांनी. तिने विचारलं, "बाबा, होतात कुठं?"

"पुलावर," साडू म्हणाले आणि बोटांनी तिच्या गालाला हळद लावली. "लांबनं पन बरं ऐकू येतं गो." मग मात्र ते आमच्या देखत रडले, मोठ्याने, आणि नंदाही रडली, आणि मैदानवाला असूनही मी रडलो. दामाने ढोलकीवाल्याला खूण केली म्हणून बरं, नाहीतर सगळी अष्टमी रडत बसली असती.

त्यानंतर साडू निवळले असं मी म्हणणार नाही. कॅसेटवाल्यांना ते अजूनही तुच्छ लेखतात. पण परवा रविवारी मी रोह्याला गेलो तर एसटीडी बूथच्या काचेत हे दिसले. रिसिव्हर कानाला घट्ट, डोळे मिटलेले, तोंडातून अक्षर नाही. बाहेर रांग खोळंबलेली. मला काळजी वाटली, बडोद्याहून काही वाईट तर नाही ना. दार ढकलून विचारलं, काय झालं? त्यांनी हाताने मला गप केलं. मग रिसिव्हर जरासा माझ्याकडे कलता केला. तिकडे बडोद्याला नंदाने दामाची कॅसेट लावली होती, आणि तिचं लहानगं त्यावर वाढायचा डाव घेऊन ताट बडवत होतं.

"चुकतंय जरा," साडू कुजबुजले. मग रिसिव्हर पुन्हा कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.