मंजूषाबाईंचा तिसरा प्रश्न

एक मे, दोन हजार एकवीस. शनिवार, सकाळचे दहा. रायस्वाइक या डच गावातल्या आपल्या घरी मंजूषा सरदेशपांडे जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि फोन हातात घेऊन पुन्हा खाली ठेवत होती. अकरा वाजता दोनशे माणसं तिचं बोलणं ऐकायला जमणार होती. त्या सगळ्यांना तिला सांगायचं होतं की मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली, आणि चूक कळल्यावर चार महिने गप्प बसले. पण त्याआधी ते कऱ्हाडच्या शोभाताईंना सांगणं भाग होतं. शोभाताईंच्या नवऱ्याने त्याच गोष्टीवर भरवसा ठेवला होता आणि त्याला जाऊन सतरा दिवस झाले होते.

आता ही मंजूषा कोण ते सांगायला हवं, कारण अशी माणसं काही पेपरात येत नाहीत. पुण्याची, पदार्थविज्ञानात एम.एस्सी. नवरा राजन आयटीत. त्याच्या नोकरीपायी दोन हजार चार साली इकडे आली. पहिली पाच वर्षं लेकीला वाढवण्यात आणि डच भाषेशी झटापट करण्यात गेली. मग रॉटरडॅम बंदरात एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. काम काय, तर कंटेनरमधले तापमापक तपासायचे. नाशिकची द्राक्षं, कुठकुठली केळी, औषधं, सगळं जहाजातून थंडगार येतं आणि त्या प्रत्येक कंटेनरमध्ये एक तापमापक असतो. तो खरं बोलतो का, हे मंजूषा बघायची. बर्फाच्या पाण्यात बुडवायची, आपल्याकडच्या खात्रीच्या तापमापकाशी ताडून बघायची आणि वर हिरवी पट्टी चिकटवायची. पट्टीवर तारीख, सही आणि हा पठ्ठ्या किती चुकतो तो आकडा. "चूक नाही" असं तिने बारा वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. घरातही तोच खाक्या. राजन वजनकाट्यावर उभा राहिला की ही मागून म्हणणार, "अर्धा किलो इकडेतिकडे धर." आणि सोळा वर्षांची आर्या डोळे फिरवून डचमध्ये काहीतरी पुटपुटणार.

वीस सालच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्डचा नुसता पूर आला. एप्रिलमध्ये तर या देशात लोकांनी ठिकठिकाणी मोबाईलचे टॉवर पेटवले. का, तर म्हणे नव्या लहरींनी कोरोना पसरतो! शिकलेसवरलेले डच लोक हो! आणि आपल्या ग्रुपवरही एका महाशयांनी, चांगल्या बँकेत मोठ्या हुद्द्यावरच्या, तो व्हिडिओ टाकून खाली हात जोडले. मंजूषाचं डोकंच फिरलं. तिने तिथल्या तिथे अकरा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून टाकलं: लहर म्हणजे काय, विषाणू म्हणजे काय, आणि एकाचा दुसऱ्याशी का संबंध नाही. शेवटी म्हणाली, "पुढच्या वेळी काही पाठवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे कोणी मोजलं? कशाने मोजलं? आणि ते किती चुकू शकतं?"

झालं. लोक म्हणाले, दर शनिवारी बोला. मग झूमवर बैठक सुरू झाली. इथे सकाळचे अकरा, भारतात दुपारच्या चहाची वेळ. डीमनहून, रॉटरडॅमहून लोक यायचे, आणि त्यांनी आपापल्या आईवडलांनाही जोडून दिलं. विज्ञानाची आठवड्याची बातमी घ्यायची आणि ती सोलून ठेवायची, एवढंच काम. शुक्रावर जीवसृष्टीची खूण सापडली म्हणून पेपरांनी बोंब ठोकली तेव्हा मंजूषा शांतपणे म्हणाली, "सापडला तो एक वायू, तोही दुर्बिणीतून. आता तिसरा प्रश्न विचारा." पुढे तो आकडा खरोखरच खाली आला, तेव्हा मंडळात तिची वाहवा झाली. पोरंटोरं तिची नक्कल करायची. आमटीत मीठ जास्त झालं की म्हणायची, "कोणी मोजलं, कशाने मोजलं?"

कऱ्हाडचे मनोहर कुंभोजकर हे त्या बैठकीतले तिचे लाडके श्रोते. त्यांचा मुलगा सिद्धार्थ डेल्फ्टला पीएच.डी. करत होता; त्याने जोडून दिलेले. मनोहरराव वीज मंडळात मीटर तपासणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर खरं बोलतात का ते बघितलं. म्हणजे मंजूषाच्याच जातकुळीतला माणूस! पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, आपला धंदा एक. यंत्राला खुर्चीत बसवून उलटतपासणी घ्यायची." शोभाताई शेजारी बसून शेंगा सोलत ऐकायच्या.

ऑगस्टमध्ये मंडळींनी मागणी केली की ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काय असतं ते सांगा. मंजूषाने एक विकत आणून कॅमेऱ्यापुढे उघडूनच दाखवलं. यात दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. दोघांचा उजेड बोटातून आरपार जातो. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त दोन्ही उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून यंत्र हिशेब करतं. फार सुंदर सांगितलं तिने. मनोहररावांनी तेव्हा आपला हात कॅमेऱ्यापुढे धरला. उन्हातान्हात हिंडून माणूस मुळातला काळा आणखी काळा झालेला. म्हणाले, "बाई, माझ्या या कोळशासारख्या बोटातून तुमचा उजेड जाईल का?"

सगळे खो खो हसले. मंजूषाही हसली आणि म्हणाली, "जाईल हो, काका. उजेडाला माणसाचा रंग कळत नाही. आकडा चौऱ्याण्णव किंवा त्याहून जास्त असला की निर्धास्त राहा."

तिसरा प्रश्न तिने विचारलाच नाही. बंदरातल्या तापमापकाला बर्फात बुडवल्याशिवाय न सोडणारी ही बाई, पण त्या दिवशी टाळ्या पडल्या आणि राहून गेलं. मनोहररावांनी दुसऱ्या दिवशी दोन ऑक्सिमीटर घेतले.

डिसेंबरात बातमी आली. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हजारो रुग्णांचे आकडे ताडून पाहिले होते. यंत्र ठीक म्हणतंय आणि रक्तात मात्र प्राणवायू कमी आहे, असं काळ्या रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं होतं. त्वचेतला रंगही उजेड शोषतो, आणि यंत्रं जुळवली होती ती बहुतेक गोऱ्या बोटांवर. मंजूषाने बातमी दोनदा वाचली. उजेडाला रंग कळत नाही! अगं, उजेडाला दुसरं काय कळतं?

शनिवारच्या वहीत तिने लिहिलं, "ऑक्सिमीटर, दुरुस्ती." आणि मग सुरू झाली टाळाटाळ. एक शनिवार म्हणाली, हा डॉक्टरांचा विषय, आपण कशाला नाक खुपसा. पुढच्या शनिवारी म्हणाली, लोक यंत्रच फेकून देतील आणि पुन्हा नाकात लिंबू पिळायला लागतील. आपल्या गव्हाळ, सावळ्या माणसांचं तर कोणी नीट मोजलेलंच नाही, मग सांगायचं तरी काय? सबबी एकापेक्षा एक तयार होत्या. खरं कारण एवढंच होतं की दोनशे माणसांपुढे "मी चुकले" म्हणायची तिला लाज वाटत होती. वहीतली ती ओळ दर आठवड्याला एक पान पुढे सरकत राहिली.

एप्रिलमध्ये म्युऑनची बातमी आली. इलेक्ट्रॉनचा हा जडसा भाऊ चुंबकाच्या शेजारी अपेक्षेपेक्षा किंचित जास्त डुलतो म्हणे, आणि त्यामुळे निसर्गाचं एखादं नवं बळ हाती लागेल की काय अशी चर्चा. मंजूषा तहानभूक विसरली. दहा एप्रिलच्या शनिवारी तिने भोवरा फिरवून दाखवला, दहा लाख भागांत अर्धा भाग इकडेतिकडे, एवढी बारीक मोजणी समजावून सांगितली. शेवटी चॅटमध्ये शोभाताईंनी लिहिलं, "ह्यांना एक विचारायचं आहे, मशीनबद्दल." मंजूषाला वाटलं म्युऑनच्या मशीनबद्दल. वेळ संपली होती. ती म्हणाली, "काका, पुढच्या शनिवारी पहिला प्रश्न तुमचा. नक्की."

मनोहररावांना त्याआधीच्या सोमवारपासूनच ताप होता, हे तिला ठाऊक नव्हतं. आकडा पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. फोनवर डॉक्टरही म्हणाले, घरीच राहा, खाटा कुठे आहेत? मंगळवारी तेरा तारखेला आकडा एकदम घसरला. बुधवारी दुपारी माणूस गेला. सिद्धार्थला तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं; तो इथेच राहिला.

पुढचे दोन शनिवार बैठक झाली नाही. आदल्या दिवशी, शुक्रवारी, मंजूषा सायकल मारत डेल्फ्टला गेली आणि कालव्याकाठी उभ्या उभ्या तिने सिद्धार्थला सगळं सांगितलं. वाळून गेलं होतं पोरगं. 

"काकू, आईला नका सांगू," तो म्हणाला. "आपण सगळं नीट केलं, दर दोन तासांनी मोजलं, असं ती सारखं म्हणते. तेवढाच आधार आहे तिला. खाट तरी मिळाली असती का, ते तरी कुठे माहीत आहे?"

"बाकीच्यांनी काय करायचं रे? आज तिकडे घराघरात तेच यंत्र लावून लोक बसलेत."

 जाताना तो म्हणाला, "मग आधी तिला सांगा. झूमवर कळायला नको."

म्हणून हा फोन. खिडकीबाहेर चौकातल्या कॅफेचा माणूस खुर्च्या मांडत होता. बुधवारपासून बाहेर बसायला परवानगी मिळाली होती आणि लोकांना कॉफीची घाई झाली होती. तिकडे मुलुखात चिता विझत नव्हत्या आणि इथे हे. मंजूषाला त्या खुर्च्यांचा उगाचच राग आला. तिने फोन लावला.

शोभाताईंनी दुसऱ्या घंटीलाच उचलला. मंजूषाने काही सजवलं नाही. ऑगस्टमध्ये आपण काय म्हटलं ते सांगितलं, डिसेंबरात काय वाचलं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "चार महिने मी गप्प बसले, ताई. लाज वाटली म्हणून. आकडा चौऱ्याण्णव दाखवत होता तेव्हा खरा कदाचित कमी असेल. किती कमी, ते मला माहीत नाही. आता कधीच कळणार नाही."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. 

"मी रागवू का तुमच्यावर?" शोभाताई म्हणाल्या. आवाज फार थकलेला होता. "रागवायचं तर डॉक्टरवर रागवीन, त्या यंत्रावर रागवीन, माझ्यावरच रागवीन. किती जणांवर रागवू? थांबा जरा."

पावलं वाजली, कपाट उघडलं, कागद चाळल्याचा आवाज आला.

"ह्यांची वही आहे. मीटरच्या नोंदी करायचे तशीच. तारीख, वेळ, ताप, आकडा. दहा तारखेचं पान वाचते." त्या वाचू लागल्या. "दहा एप्रिल. सकाळी दहा. आकडा चौऱ्याण्णव. न्हाणीपर्यंत गेलो तर धाप लागते. दोन्ही यंत्रं तेच सांगतात. अंग वेगळं सांगतं. हे किती चुकू शकतं? बाईंना विचारणे."

 राजन स्वयंपाकघरातून चहा घेऊन आला होता, तो तिचा चेहरा बघून दारातच थांबला.

"तो प्रश्न हा होता," शोभाताई म्हणाल्या. "त्या दिवशी मी लिहिला नीट नाही. मशीन एवढंच लिहिलं."

"तुमची काही चूक नाही, ताई. माझी आहे."

"असेल," त्या म्हणाल्या. त्यांनी ती नाकारली नाही, आणि मंजूषाला तेच बरं वाटलं. "पण तुम्ही त्यांना शब्द दिला होता ना, पुढच्या शनिवारी पहिला प्रश्न तुमचा म्हणून? दोन शनिवार वाया गेले. आज घ्या. मी बसणार आहे ऐकायला."

अकरा वाजले. एकेक चौकोन उघडत गेला. दोनशेच्या वर माणसं झाली. सिद्धार्थ आला. कऱ्हाडच्या चौकोनात शोभाताई होत्या, शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवलेली. मंजूषाने कामावरून एक हिरवी पट्टी आणली होती. ऑक्सिमीटर हातात धरून तिने ती त्यावर चिकटवली, तारीख घातली, सही केली. किती चुकतं त्या रकान्यात काय लिहावं ते तिला कळेना. शेवटी तिने तिथे लिहिलं, "माहीत नाही", आणि ते कॅमेऱ्यापुढे धरलं.

"आजचा पहिला प्रश्न कऱ्हाडच्या मनोहर कुंभोजकरांचा आहे," ती म्हणाली. "त्यांनी तो मला दोनदा विचारला. पहिल्यांदा मी हसले आणि दुसऱ्यांदा मला वेळ नव्हता."