मागच्या सीटवरचे मिस्त्री

"चालवा साहेब. फक्त बोलू नका."

एवढं सांगून मिस्त्री मागचं दार उघडायचे, सीटवर डाव्या कुशीवर आडवे व्हायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि डोळे मिटायचे. गाडी तपासायची म्हणजे मेकॅनिकनं स्टिअरिंग धरायचं, ही तुमची-माझी समजूत. हे गृहस्थ मालकाला चालवायला लावून स्वतः मागं झोपत. दोन-तीन किलोमीटर झाले की उठून बसत, टोपी सारखी करत आणि निकाल देत. "पुढून ठीक हाये. मागून उडते." यवतमाळातली आम्ही गाडीवाली मंडळी म्हणायचो, मिस्त्री दुपारची झोप गिऱ्हाइकाच्या पेट्रोलवर काढतात. हा विनोद बहुतेक माझाच होता. त्याची मला आता लाज वाटते.

त्यांचं दुकान शहराबाहेर एका जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं एक कडुनिंब आणि पाटीवर फक्त 'कमान पाटे' एवढीच अक्षरं. मूळ धंदा ट्रकचा. कापसाच्या गाठी वाहून ट्रकच्या चाकांवरचे, ओझं झेलणारे पाटे मोडायचे, ते हे दुरुस्त करून द्यायचे. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. एकामागून एक हंगाम बसले, गावोगावहून नको त्या बातम्या येऊ लागल्या, जिनिंगचा भोंगा बंद पडला आणि ट्रक जागच्या जागी उभे राहिले. ट्रकच चालत नाहीत तर पाटे कशाला मोडतील? मिस्त्रींनी मोटारींचे शॉकअप बसवायला सुरुवात केली. पन्नाशीच्या माणसानं नवा धंदा शिकणं सोपं नसतं. पण ते म्हणायचे, दणका तोच, फक्त गाडी लहान.

मी तेव्हा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. यवतमाळ, कळंब, पांढरकवडा अशी रोजची शंभर-सव्वाशे किलोमीटरची फिरती. शहाण्या माणसानं या कामाला साधी डिझेलची गाडी घेतली असती. मी नागपुरातून जुनी पण झटक्यात पळणारी काळी गाडी आणली. मागं छोटासा पंख, रुंद टायर. लग्न झालेलं नव्हतं, घरी विचारणारं कोणी नव्हतं, आणि अक्कल यायला अजून अवकाश होता.

पहिल्याच भेटीत मी सांगितलं, गाडी खाली बसवायची आहे, स्प्रिंगची दोन वेटोळी कापून टाका. गावातल्या दोघा-तिघांनी तसं केलं होतं. मिस्त्रींनी गाडीचा कोपरा तळहातानं दाबून सोडला, ती किती वेळा हलते ते पाहिलं आणि कापायला साफ नकार दिला.

"स्प्रिंग कापली का गाडी बसते, साहेब. पण दणका कुठी जाईन? तो माणसात येते."

मग नुसत्या बुटक्या स्प्रिंगा आणतो म्हटलं, तर त्या जुन्या शॉकअपला आवरायच्या नाहीत, हे त्यांनी जमिनीवर खडूनं चित्र काढून समजावलं. शेवटी पूर्ण संचच घ्यायचं ठरलं. स्प्रिंगा आणि शॉकअप एकमेकांच्या मापाचे, आणि प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर एक गोल खुंटी. ती फिरवली की टक टक खटके पडायचे, सगळे मिळून सोळा. एका टोकाला गाडी कडक, दुसऱ्या टोकाला मऊ. पुण्याहून तो संच यायला महिना लागला. मला कडकपणा हवा होता, वळणावर गाडी जमिनीला चिकटून राहावी म्हणून. मिस्त्रींची नजर मऊ टोकावर होती, हे मला माहीत नव्हतं.

बसवायला त्यांनी दोन दिवस घेतले. घाई त्यांच्या अंगातच नव्हती. शेवटचे बोल्ट आवळण्याआधी त्यांनी गाडी जॅकवरून खाली उतरवली आणि सीटांवर सरकीची पोती ठेवली. ओझं नसताना आवळलं तर सांध्यातलं रबर पीळ खातं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे वाडवडील लदेणीचे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालणारे. आधी पाठ पाहायची, मग पोतं ठेवायचं, हे ऐकतच ते तांड्यावर वाढले होते. बैलाची पाठ सोलली की माल जंगलातच राहतो, असं ते सांगत, आणि सांगताना माझ्या गाडीच्या छतावर हात फिरवत.

काम झाल्यावर त्यांनी चारही खुंट्या पार मऊ टोकाला नेल्या आणि मागं आडवे झाले. मी गाडी काढली. दोन किलोमीटर झाले, पाच झाले, उठायचं नाव नाही. आज खरंच डोळा लागला, असं वाटून मला हसू येत होतं. दहाएक किलोमीटरवर मी वळून परत आलो, दुकानापुढं गाडी थांबवली, तेव्हा ते उठले. डोळे ओले होते.

"साहेब, ही चालते," ते म्हणाले. "माह्या बायकोले चालते."

मग कडुनिंबाखाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचायला निघालेल्या बायकांचा टेम्पो कलंडला होता. त्यांच्या बायकोचा कंबरेचा मणका चेपला. तेव्हापासून ती घरात, बहुतेक वेळ डाव्या कुशीवर. तिची आई पांढरकवड्याच्या रस्त्याला, केळापूरच्या पुढं एका तांड्यावर, सत्तरेक किलोमीटर. तिला लकवा झालेला, वाचा गेलेली. फोन लावला की नातू तो म्हातारीच्या कानाशी धरायचा. इकडून ही "याडी, याडी" अशी आईला हाक मारायची आणि तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. दोघींपैकी एकीलाही दुसरीकडं जाता येत नव्हतं. एकदा भाड्याची गाडी करून पाहिली, तर पाच किलोमीटरवरून परत यावं लागलं. म्हणून मिस्त्री दोन वर्षं आमच्या सगळ्यांच्या गाड्यांत तिच्यासारखे आडवे होऊन पाहत होते. चाळीसेक गाड्या झाल्या असतील. झोप काढतात म्हणून आम्ही हसत होतो, तो माणूस एक गाडी शोधत होता.

"एक फेरी द्या, साहेब," ते म्हणाले. "म्हातारी काही लय दिवसाची नाही."

मी लगेच येता रविवार ठरवला. त्यांनी एवढंच बजावलं की तोवर खुंट्यांना हात लावू नका.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर एका मिस्त्रींशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर मित्र जमले होते. एकानं माझी गाडी चालवून पाहिली आणि उतरून म्हणाला, गाडी घेतली का पाळणा? सगळे हसले. मला ते झोंबलं. मी तिथंच बॉनेट उघडलं, डिकीतलं कापड उचललं आणि चारही खुंट्या पार कडक टोकाला नेल्या. मग त्यांना नागपूर रस्त्यावर अशी फिरवून आणली की सगळे गप्प झाले. त्या आनंदात मी घरी जाऊन झोपलो.

रविवारी सकाळी मिस्त्रींच्या घरी गेलो तेव्हा वहिनी नव्या लुगड्यात तयार होत्या. शेजारच्या दोघी बायकांनी त्यांना गोधडीसकट उचलून मागच्या सीटवर निजवलं. डोकं मिस्त्रींच्या मांडीवर. हातात एक पुडकं होतं, आईसाठी तिळाचे लाडू. लकव्याच्या बाईला लाडू खाता येणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असणार. वहिनी मला म्हणाल्या, भाऊ, तुमचे लय उपकार झाले.

गावातल्या नव्या डांबरावर काही जाणवलं नाही. वेशीबाहेर पहिल्या गड्ड्यात चाक गेलं आणि स्टिअरिंगमधून तो दणका माझ्या मनगटात आला. त्याच क्षणी मला खुंट्या आठवल्या. थांबवायला हवी होती. दोन मिनिटांचं काम होतं. पण थांबलो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं, मित्रांच्या हसण्यापायी मी काय केलं ते त्या बाईच्या देखत बोलावं लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं, हळू चालवू, निभेल. आरशात पाहिलं नाही.

आठ-नऊ किलोमीटर तसेच गेले. एका पुलाच्या पलीकडं, उतारावर, सावलीत एक गड्डा होता. मला तो उशिरा दिसला. मागून ओरडणं आलं नाही. फक्त श्वास आत ओढल्याचा आवाज आला आणि मग मिस्त्री म्हणाले, "थांबवा."

ते उतरले. वहिनींच्या डोक्याखाली गोधडीची घडी दिली. पुढं येऊन बॉनेट उघडलं आणि खुंट्या फिरवू लागले. मला खटके ऐकू येत होते. सोळा एका बाजूचे, सोळा दुसऱ्या बाजूचे. मग डिकी उघडून मागचे. माझ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. सगळं बंद करून ते पुन्हा आत बसले, वहिनींच्या तोंडाकडं बघितलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि पायाची बोटं हलत नव्हती.

"वापस घ्या," मिस्त्री म्हणाले.

"रस्ताच खराब हाये वं," ते तिला समजावत होते. "पाण्यानं पार खाऊन टाकला. साहेब तरी काय करतीन?" परतीच्या वाटेवर गाडी पाळण्यासारखी चालली. वहिनी मला म्हणाल्या, तुमचं पेट्रोल फुकट गेलं, भाऊ.

पायाची बोटं आठवड्यानं हलू लागली, पण डॉक्टरांनी तीन महिने कूस बदलायलासुद्धा मनाई केली. विसाव्या दिवशी तांड्यावरून फोन आला की म्हातारी गेली. वहिनींना तिच्या मातीलाही जाता आलं नाही.

मी दोन दिवस धीर गोळा करून दुकानावर गेलो. मिस्त्री हातात पाना घेऊन नुसते बसले होते. मी सगळं सांगितलं. टपरी, पाळणा, खुंट्या, आणि आठवूनही थांबलो नाही ते.

"माहीत हाये," ते म्हणाले. "पयल्याच गड्ड्यात समजलं मले."

"मग तुम्ही का नाही थांबवलं?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. त्या दिवसापासून ते स्वतःला हाच प्रश्न विचारत असणार.

"मले वाटलं तुम्ही थांबवान," ते म्हणाले. "तुमची गाडी हाये. तिच्यासमोर तुम्हाले कसं बोलू? अन मले वाटलं, जमते हळूहळू." मग पाना खाली ठेवून म्हणाले, "तिले सांगू नका. तिनं रस्त्यावर राग धरला हाये, तो तिथंच राहू द्या."

तर असं होतं. तो भला माणूस माझी लाज राखायला गप्प बसला होता आणि मी माझी स्वतःची राखायला. आमच्या दोघांच्या त्या गप्प बसण्यात म्हातारीची भेट गेली. माझ्या गप्प बसण्याला मी कधी माफ केलं नाही. त्यांच्या गप्प बसण्याचं ओझंही माझ्याच अंगावर आहे, असं मला वाटतं.

उठताना त्यांनी माझ्याकडून किल्ली मागितली. बॉनेट उघडलं आणि खुंट्या एकेक करून कडक टोकाला नेल्या. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "तुम्हाले अशीच पाहिजे होती ना. आता मऊ ठेवून कोणाचं काम हाये?" रागानं नाही, अगदी रोजच्या आवाजात. त्यानंतर मी त्यांना कुठल्याच गाडीत मागं आडवं झालेलं पाहिलं नाही. इतर मेकॅनिकांसारखे ते स्टिअरिंगवर बसू लागले. पोरांनी मिस्त्री सुधारले म्हणून थट्टा केली. मी त्यात नव्हतो.

पुढं माझी बदली अमरावतीला झाली. गाडी विकली. मिस्त्री दुकानातच, एका दुपारी, बसल्या जागी गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. मी यवतमाळला आलो तो एकच गोष्ट ठरवून, वहिनींना खरं सांगायचं. सांगू नका म्हणणारा आता राहिला नव्हता, आणि मला ते आणखी वाहवत नव्हतं. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती.

वहिनी काठी धरून घरातल्या घरात चालू लागल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा ठेवला. मिस्त्रींच्या आठवणी निघाल्या, वहिनींच्या दुखण्याचं बोलणं झालं. पांढरकवड्याचा रस्ता आता चांगला झाला, असं लोक सांगतात, म्हणाल्या. मी म्हटलं, चला, उद्या नेतो, आता माझ्याकडं साधी गाडी आहे.

"आता तिथं कोण हाये, भाऊ?"

मी सुरुवात करायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच पुढं बोलल्या. "हे शेवटपर्यंत म्हणत, साहेबाच्या गाडीत काही कमी नव्हती. मी म्हणो, मंग माह्यंच नशीब खोटं. तं मले रागवत. म्हणत, नशीब नाही, रस्ता." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही तं चालवत होते. खरंच तेवढा खराब होता का रस्ता?"

चहा उकळून वर आला होता. त्यांनी काठीवर भार देत वाकून तो उतरवला आणि उत्तरासाठी माझ्याकडं बघत राहिल्या.

"हो वहिनी," मी म्हणालो. "लय खराब होता."

"मंग कोणाचाच दोष नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर कप ठेवला.