ओढून तोडलेलं संत्रं

"वहिनी, तुम्ही हालू नका. हालाचं काम माह्यावर सोडा." असं म्हणत आमचे फोटोवाले भाऊजी आपल्याभोवती इतक्या घिरट्या घालत, की उभ्या माणसालाच भोवळ यावी. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

सौंसरच्या बसस्टँडजवळ त्यांचा स्टुडिओ होता. पण लग्नांपेक्षा त्यांना कोणी न मागितलेले फोटो काढायची खोड. कापूस, बैल, संत्र्याच्या बागा. त्या फोटोंच्या स्लाइड ते मुंबईच्या एका एजन्सीला रजिस्टर टपालानं धाडत. ज्याला जाहिरातीला, कॅलेंडरला लागेल, तो तिथून घेई.

एकदा एजन्सीला 'संत्री तोडणारी बाई' हवी होती. मी तेव्हा तिशीची, मास्तरांची बायको, आणि स्वतःला भलतीच देखणी समजणारी. जांभळी रेशमी साडी नेसून बागेत हजर.

"वहिनी, मजूर पाहिजे, वरमाय नाई."

मी कुठली ऐकते. संत्रं धरलं नि खसकन ओढलं. देठाशी साल फाटली. बागवाला ओरडला, "अवो बाई, पिळून तोडा लागते. असं फाटलं तर पेटीत सडते ना." पण नेमका तोच फोटो खपला. खताच्या पोत्यावर मी, सरबताच्या बाटलीवर मी. गल्लीभर मिरवले.

पुढे इंटरनेट आलं. फोटोचा भाव पडला, तसे हे ढिगानं फोटो चढवू लागले. जेवतानाही एक डोळा संगणकावर.

मग एक दिवस मोबाइल घेऊन आले. "वहिनी, ही बाई पाहा. ही कोणीच नाई. मशीननं बनवली."

बाई गोड होती, माझ्याहून गोरी. हातात संत्रं, आणि देठाशी साल फाटलेली.

"तुमचाच फोटो पाहून शिकली असंल," ते म्हणाले. हसले नाहीत. "आता असेच निघून राहिले. खरे कोणी घेत नाई."

मुलगा त्यांना कायमचं नागपूरला नेणार होता. त्याआधी एक तरी बरोबर फोटो जगात सोडायचा, हे त्यांनी मनावर घेतलं. आठ दिवस बागेत पायपीट. शेवटी माझेच सुरकुतलेले हात, संत्रं पिळून तोडताना. चेहरा घेतला नाही, म्हणून मी चहा दिला नाही.

तो फोटो कुठंच कोणी घेतला नाही. एक प्रत बागवाल्याला देऊन ते बसमध्ये बसले. त्यानं ती शेडात टांगली. परवा मी तिथं होते. कामावर नवीन आलेली एक पोरगी फोटो निरखून बाहेर गेली, फांदीवरचं संत्रं धरलं, मनगट वळवलं. साल शाबूत.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "वहिनी, घेतला का कोणी?"

"घेतला."

"कोणत्या कंपनीनं?"

मी पोरीचं सांगितलं. "साल नाई ना फाटली?" त्यांनी आधी तेच विचारलं.