निम्म्याचं निम्मं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असा तिचा समज आहे.

मी कामतघरला राहतो, ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. शेजारचे पांडू मिस्त्री अंजूरच्या एका गोडाउनमध्ये चिंध्या दाबून गाठी करणारा हायड्रॉलिक प्रेस बसवत होते. चौकट किती टन सोसेल, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तेलाचा दाब किती ठेवायचा, ते मात्र त्यांनी मला विचारलं. जोर म्हणजे दाब गुणिले दट्ट्याचं क्षेत्रफळ — माझ्या मुलांना हे झोपेतही येतं. पण मिस्त्रींची मोजायची रीत वेगळी. ते दट्ट्या मधल्या खुणेपासून कडेपर्यंत मोजतात. "मधनं कडेपर्यंत तीन इंच हाय, सर," ते स्पष्ट म्हणाले होते. आणि मी — सवयीने त्याचं निम्मं केलं. पुस्तकातल्या गणितात व्यास दिलेला असतो ना, तसं.

निम्म्याचं निम्मं केलं, की क्षेत्रफळ चौथाई येतं. म्हणजे मी सांगितलेल्या दाबाला खरा जोर चौपट बसणार होता.

हे मला कधी कळलं? अपघातानंतर कळलं असतं, तर मी हे लिहायला बसलोच नसतो. दोन दिवस आधी कळलं, अकरावीच्या वर्गात तसलंच गणित फळ्यावर घालताना. प्रेसची चाचणी गुरुवारी होती. फोन खिशात होता. पण मिस्त्री गोडाउनभर सांगत फिरत होते, हिशोब सरांनी केलाय — आणि मला लाज वाटली. ते अंदाज घेत घेतच दाब वाढवतील, असं मनाला समजावलं आणि मूग गिळून बसलो.

गुरुवारी चौकटीचा बोल्ट तुटून उडाला. गाठी बांधायला पाड्यावरून येणाऱ्या जनीचा उजवा हात मनगटापासून गेला.

सगळ्यांनी मिस्त्रींनाच धरलं. सरांचं गणित कसं चुकेल?

रविवारी ते हिशोबाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. "सर, माझं कुठं चुकलं तेवढं दाखवा. मला झोप न्हाय." तेव्हा तरी बोलायला हवं होतं, नाही का? मी कागद पाहिल्यासारखं केलं. म्हणालो, तुम्ही आरपार तीन इंच म्हणाला होतात, मिस्त्री.

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. "मंग माझंच चुकलं," म्हणाले, आणि जनीचे पाय धरायला तिच्या पाड्यावर निघाले. मी त्यांना रिक्षा थांबवून दिली.