वजनाखालची पट्टी

काचेचे धागे आणि रेझिन यांची बोटभर रुंदीची एक पट्टी आमच्या लॅबमध्ये वजनाच्या ताणाखाली लटकत होती, आणि तिच्यापायी मी नाशकात अडकले होते. पुण्याच्या एका कंपनीने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण प्रबंध सादर केल्याशिवाय ते रुजू करून घेणार नव्हते.

मटेरियल मोठं लबाड. वजन तेवढंच ठेवलं तरी हळूहळू लांबत जातं, आणि वजन काढलं की सावकाश मागे येतं. पण आत बारीक भेगा पडल्या असतील, तर त्यांच्यामुळे वाढलेली लांबी पुरती मागे येत नाही. वजन असेपर्यंत दोन्ही प्रकारचं लांबणं सारखंच दिसतं. भेगांचा वाटा वेगळा काढणारं गणिती मॉडेल मी बांधलं होतं. ते बरोबर की चूक, हे वजन उतरवल्यावरच कळणार होतं.

सर म्हणायचे, "राहू दे अजून थोडे दिवस. घाई काय आहे?" त्यांना कशाला घाई असेल! त्यांची लेक्चर्स मी घ्यायची, पेपर मी तपासायचे, निफाडच्या त्यांच्या मळ्यातून द्राक्षं आली की स्टाफरूममध्ये पेट्याही मीच वाटायच्या. गाइडचं काम ते आपलं काम, अशी आमच्याकडे रीतच आहे.

एका सकाळी नाशकातल्याच द्वारका चौकात रिक्षा अडकली असताना कंपनीचा फोन आला. या महिन्यानंतर त्यांना थांबता येणार नव्हतं. मला रडूच कोसळलं. रिक्षावाले काका आरशातून बघत म्हणाले, "ताई, सुटंल ना सिग्नल. रडता काय?"

लॅबमध्ये गेले आणि कुणाला न विचारता वजन उतरवलं. पुढे कितीतरी दिवस पट्टी मागे येताना बघत बसले. शेवटी ती जिथे थांबली, तिथेच माझ्या मॉडेलची रेषाही थांबली होती. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

सर रागावतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी आलेख पाहिला आणि चक्क हसले. "छान! आता आणखी एका पट्टीवर करून दाखव. एकीवर कोण विश्वास ठेवणार? आणि तुझ्याशिवाय हे जमणारं इथे आहे तरी कोण?"

मला भांडायचं होतं, पुण्याचं सांगायचं होतं. मी कपाटातून नवी पट्टी काढली, पकडीत घट्ट बसवली आणि माझ्याच हाताने वजन अडकवलं. सरांच्या त्या शेवटच्या वाक्याने मला बरं वाटलं होतं, अगदी मनापासून. त्याचाच मला अजून राग येतो.