धरमपेठेतल्या कॅसेटी आणि ड्रॉवरमधला फॉर्म

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणे हे माझे काम नव्हे. नोकरीत मी पंचनामे, जबाब आणि स्टेशन डायरी लिहिली; त्यात मनातले लिहायला रकाना नसतो. कुही तालुक्यातल्या आमच्या धानवाल्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, तेही उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर. बी.ए.च्या वर्गात बाईंनी प्रत्येकाला एक आठवण लिहून आणायला सांगितली, म्हणून हे धाडस. कोणाचे नाव लिहीत नाही. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

बऱ्याच केसेस विसरलो. ही विसरता आली नाही. ऐंशीचे दशक संपत आले होते आणि मी नागपुरात एका ठाण्यात हवालदार होतो. दिवाळीच्या आठ दिवस आधी धरमपेठेतले एक कापड व्यापारी तक्रार घेऊन आले. त्यांच्या आखातातल्या भावाने टीव्हीला जोडायची व्हिडिओ गेमची मशीन पाठवली होती, सोबत डझनभर कॅसेटी. कॅसेट म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची डबी. ती मशीनमध्ये खोचली की खेळ पडद्यावर येतो. बाराच्या बारा कॅसेटी चोरीला गेल्या होत्या, त्यांतल्या चार तर खोक्यातून काढलेल्याही नव्हत्या.

"खेळायचं नव्हतं तर आणल्या कशाला?" आमच्या मोठ्या साहेबांनी विचारले.

"भाऊ म्हणाला, असा माल पुढे मिळत नाही. न फोडता ठेवला तर किंमत चढते. सोन्यासारखं जपलं होतं साहेब!"

"सोनं लोक तिजोरीत ठेवतात हो. तुम्ही शोकेसखाली ठेवलं."

व्यापाऱ्यांचा संशय एका मेकॅनिकवर होता. मशीन बिघडली तेव्हा त्यानेच ती घरून नेली आणि दुरुस्त करून आणून दिली होती. दुसऱ्याच दिवशी आमच्या खबऱ्याने सांगितले, त्या मेकॅनिकच्या टेबलावर तसलीच एक कॅसेट पाहिली. आम्ही गेलो. कॅसेट खरेच होती. ती जप्त केली आणि त्याला ठाण्यात आणले.

पंचविशीचा बारीक माणूस, बोटांना सोल्डरिंगचे डाग. त्याच आठवड्यात त्याचाच चारित्र्य पडताळणीचा फॉर्म माझ्या टेबलावर आला होता. एका सरकारी खात्यात तंत्रज्ञ म्हणून त्याची निवड झाली होती. ठाण्याचा अहवाल चांगला गेला, की ऑर्डर निघणार होती. त्याच्या घरात पगाराची नोकरी कोणी पाहिली नव्हती. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या घरातही माझ्याआधी कोणी पाहिली नव्हती.

चौकशी मीच केली. हात उगारला नाही, पण तीन दिवस सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवले. ती पण शिक्षाच असते, हे तेव्हा मला कळत नव्हते.

"टेबलावरची कॅसेट कुठून आली?"

"त्याहीनंच देल्ली जी, मशीनसंगं. कॅसेट घातल्याबिगर मशीन चालते का नाही, कसं समजन? वापस द्याची राहून गेली."

"ते म्हणतात, आम्ही दिली नाही."

"इसरले असतील. अन् मले एक सांगा साहेब, पूरी मशीन चार दिवस माह्या टेबलावर होती. ते मी इमानदारीनं वापस देल्ली. मशीन वापस करून नुसत्या कॅसेटी चोरनारा चोर तुमी पाहिला काय? मशीन नाही, तं थे कॅसेट म्हणजे साबणाची डबी!"

मोठे साहेब पलीकडून हसले. मला मात्र हे बोलणे रात्रभर टोचत राहिले. चोर आपल्या बाजूने सांगताना फार तपशील सांगतो. हा माणूस उलट मलाच प्रश्न विचारत होता.

फॉर्मचे काय करायचे, हा माझ्यापुढचा पेच. तसाच पाठवला तर 'संशयित म्हणून चौकशी चालू' असा शेरा मारावा लागला असता आणि नोकरी तिथेच संपली असती. मी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हटले, केस निकाली निघू दे, मग स्वच्छ शेरा मारून पाठवू. मी त्याच्यावर उपकार करतो आहे, असे मला वाटत होते.

पंचनाम्यात मालाच्या किमतीचा रकाना भरायचा राहिला होता, म्हणून चौथ्या दिवशी मी व्यापाऱ्यांच्या घरी गेलो. ते दुकानात गेले होते. घरात त्यांची म्हातारी आई होती. तिने पाणी आणून दिले. थोड्या वेळाने न मागता पुन्हा पाणी आणले आणि उभी राहिली. नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो: दुसऱ्यांदा पाणी आणणाऱ्या माणसाला काहीतरी सांगायचे असते.

"बसा आई. काय झालं?"

"थ्या पोराले सोडून द्या गा," ती म्हणाली. "त्यानं नाही नेल्या. दिवाळीची सफाई काढली होती. मशीन बिघडली म्हणे, मंग थ्या डब्या कायच्या कामाच्या? कबाड्याले देऊन टाकल्या. अन् एक डबी मीच मेकॅनिकच्या हाती देल्ली होती, मशीनसंगं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"पोरगा सोनं सोनं करत घरभर नाचून राहिला होता. माही हिंमतच नाही झाली. अन् मले इचारलं कोणं?"

खरे होते. आम्ही जबाब मुलाचा घेतला, मेकॅनिकचा घेतला, शेजाऱ्यांचाही घेतला. दिवसभर घरात असणाऱ्या बाईला कोणीच विचारले नव्हते.

कबाड्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या गोदामात पोत्याच्या तळाशी उरलेल्या अकराही कॅसेटी सापडल्या. चार बंद खोकी त्याने फाडून टाकली होती. "तांबा निकलेगा सोचा था साहब," तो म्हणाला, "निकला कुछ नहीं."

संध्याकाळी ठाण्यात किमतीवरून वाद झाला. व्यापारी म्हणाले, सोन्याची लिहा. कबाडी म्हणाला, प्लास्टिकच्या भावाने लिहा. मेकॅनिक कोपऱ्यात उभा होता. साहेबांनी गमतीने त्याला विचारले, "तू सांग गा, काय लिहू?"

"चालते तोवरिक किंमत हाय जी. बंद पडली, का गेली."

व्यापाऱ्यांनी त्याची माफी मागितली आणि त्यांच्या आईने त्याला घरी फराळाला बोलावले. गैरसमजातून तक्रार झाली, असा आमचा अहवाल कोर्टात गेला. कोर्टाची मंजुरी आल्यावरच मी ड्रॉवरमधला फॉर्म काढला, 'वर्तणूक चांगली' असे लिहून पाठवला आणि लगेच काटोलला बदलीवर गेलो. त्याला नोकरी लागली की नाही, हे मी कधी विचारले नाही. खरे सांगायचे तर विचारायची भीती वाटत होती.

इथपर्यंतचा मजकूर मी गेल्या आठवड्यात वर्गात वाचला. तास संपल्यावर एक वर्गमैत्रीण जवळ आली. माझ्या नातीच्या वयाची आहे. म्हणाली, "काका, मी जुन्या कॅसेटी जमवते. मूळ कंपनीची, खोक्यासकट असेल तर किंमत खरंच चढते. नकली असेल तर कोणी विचारत नाही. आणि बऱ्याच जणांना चालणारीच लागते." तिच्या बंद पडलेल्या कॅसेटी नागपुरातलेच एक आजोबा चालू करून देतात, असेही ती म्हणाली. तिने त्यांचे नाव सांगितले आणि मी बाकावर बसलो.

नंबर घेतला. फोन लावायला दोन दिवस लागले.

"मी तेव्हाचा हवालदार बोलतो," मी म्हणालो. "कॅसेटच्या केसमधला."

पलीकडून आवाज आला, "अरे बापा! हायेत काय तुमी?"

मी सरळ विचारले. त्यांनीही सरळ सांगितले.

"नाही लागली जी. तुमचा कागद पोचला, तवा मुदत संपून गेली होती. वेटिंगवाल्याले ऑर्डर गेली."

"फॉर्म मीच ठेवून घेतला होता. स्वच्छ जावा म्हणून."

"मालूम हाय. मोठ्या साहेबानं सांगतलं होतं मले. खोटं काहून बोलू, लई राग आला होता. दोन वर्षं तुमच्या ठाण्याच्या रस्त्यानं गेलो नाही."

मी माफी मागितली. या कामात मला एकच गोष्ट शिकायची होती, ती इतक्या उशिरा शिकलो: कागद अडवून धरणारा माणूस चांगल्या मनाचा असला, तरी कागद अडतोच.

"जाऊ द्या ना आता," ते म्हणाले. "दुकान चालवलं. दोन्ही पोरी शिकल्या, लहानी इंजिनेर झाली. आता पुण्याहून, हैदराबादहून लोक कॅसेटी पाठवून राहिले. आतला सेल मरते, मंग खेळ कुठवर आला थे ध्यानात नाही राहत तिच्या. मी सेल बदलून देतो. या एखांद्या दिवशी दुकानात. या वक्ती बाकावर नाही बसवत, खुर्ची हाय."

मी काही बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "एक मिनिट हं साहेब, सकाळपासून या एका कॅसेटीच्या मागं लागलो हावो." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, कुठेतरी बटण दाबल्याचा खटका आला आणि मग पलीकडून एका जुन्या खेळाचे बारीक संगीत सुरू झाले.